बडी डायनामाइट आणि खुराड्याची जाळी

रविवार, १ जानेवारी १९६१

नवीन वर्ष, नवीन वही, नवीन नाव. आजपासून मी अल्से द्युप्लेशाँ नाही. अल्से द्युप्लेशाँ गिरणीत तांदळाची पोती उचलतो. मी बडी डायनामाइट. आमच्या या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात गाणाऱ्या प्रत्येक पोराने फ्रेंच नाव खुंटीला टांगून खणखणीत इंग्रजी नाव घेतलंय, कारण रेडिओवाल्यांची जीभ आपल्या नावांवर घसरते. मग मी का मागे राहू? बँडचं नाव द मॅचस्टिक्स.

संकल्प: या वर्षी माझी रेकॉर्ड निघणार. निघणार म्हणजे निघणार.

अर्लीनला नाव सांगितलं. म्हणाली, डायनामाइट हो नाहीतर फुलबाजी हो, आधी माझ्या खुराड्याला जाळी लाव. जाळीचं भेंडोळं सप्टेंबरपासून कोठारात पडलंय म्हणे. बायकोला कलेतलं काही कळत नाही, पण तारखा बरोबर लक्षात राहतात.

जाळी: उद्या.

रविवार, ८ जानेवारी. चर्चहून आल्यावर

काल ओडील मावशीच्या हॉलवर कार्यक्रम. ओडील मावशी कुणाचीच मावशी नाही. विधवा, हाडापेराने दणकट, हॉलची मालकीण. सगळा परगणा तिला मावशी म्हणतो, कारण दुसरं काही म्हटलं की कानाखाली आवाज निघतो.

तिसऱ्याच गाण्याला मारामारी! दोन जोडपी एकमेकांवर आपटली, एकाचा बूट दुसऱ्याच्या बुटावर, मग ठोसा, मग खुर्ची, मग सगळेच. एकाचं नाक फुटलं. एकाचा कान अर्धा लोंबत होता. त्याच्या बायकोने एका हाताने तो कान रुमालात धरला आणि दुसऱ्या हाताने पर्स गरगरा फिरवत राहिली. आम्ही वाजवत राहिलो. हॉलचा नियमच आहे: भांडण लागलं की बँड थांबवायचा नाही. बँड थांबला की बाहेर उभे असलेलेही बघायला आत येतात आणि मग पोलिसांनाच मार बसतो.

घरी येताना विचार केला. हे नेमकं कधी झालं? माझं स्वतःचं गाणं चालू होतं, 'अर्लीन, दार उघड'. गेल्या वर्षी पत्त्यांवरून उशिरा आलो, हिने आतून कडी लावली, तेव्हा पायरीवर बसून रचलेलं. त्यात 'उघड'वर मी सूर असा ताणला की नाचणाऱ्यांचे पाय हवेतच राहिले. मग एकदम सुसाट सुटलो. आणि त्याच क्षणी आपटाआपटी! याला म्हणतात परिणाम. गाणं काळजात जातं, काळजातून रक्तात, रक्तातून मुठीत.

रविवार, १५ जानेवारी

काल पुन्हा. या खेपेला दुसऱ्याच गाण्याला! प्रगती आहे.

बिअरची बाटली आली ती नेमकी नोल्टनच्या तोंडावर. नोल्टन माझा मावसभाऊ, ड्रम वाजवतो. पुढचा दात पडला. पठ्ठ्याने थुंकून तो ड्रमवर ठेवला आणि वाजवत राहिला, त्यामुळे गाणं संपेपर्यंत दात ड्रमवर उड्या मारत होता. पोरगा गुणी आहे, पण बोलतो फार. घरी सोडताना म्हणाला, दादा, राग मानू नको, तू लय एकसारखी धर. तू मधेच थांबतोस, मधेच पळतोस, लोक एकमेकांच्या पायावर पडतात, म्हणून भांडतात. मी म्हटलं, लोकांना नाचता येत नाही आणि म्हणे गाणं वाकडं.

मग हळूच म्हणाला, एखादं गाणं मी म्हणू का? मी हसलो. ड्रमवाला गायला लागला तर उद्या पेट्या उचलणाराही गाईल.

जाळी राहिली. अर्लीन बोलत नाहीये. घर शांत. रियाजाला बरं.

रविवार, २२ जानेवारी

काल ड्युई जखमी. ड्युई आमचा सॅक्सोफोनवाला. रंगात आला की दारूच्या काउंटरवर चढतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ग्लासांमधून वाट काढत वाजवत चालतो. लोक याच्यासाठी जीव टाकतात. काल मी भावनेच्या भरात मधेच लय दुप्पट केली. ड्युईचा पाय एका गिऱ्हाइकाच्या ग्लासात, गिऱ्हाइकाचा हात ड्युईच्या घोट्याला, आणि ड्युई सॅक्सोफोनसकट पलीकडे बर्फाच्या हौदात. वर तिघे पडले. हौदातलं बर्फ लाल झालं. मावशीने तेच बर्फ धुऊन ग्लासांत घातलं, बाई व्यवहारी आहे. ड्युईच्या दोन बरगड्या गेल्या. सॅक्सोफोन शाबूत आहे, देवाची कृपा.

कार्यक्रम संपल्यावर मावशीने मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. म्हणाली, मेल्या, तू गायला लागलास की माझ्या खुर्च्यांची लाकडं होतात. पुढच्या शनिवारी यायचं असेल तर स्टेजपुढे स्वतःची जाळी लावून ये. बाटल्या तुला लागल्या तर मला दुःख नाही, पण मागची भिंत आत्ताच रंगवलीय.

जाळी! स्टेजला जाळी कुणासाठी लावतात? ज्याच्यासाठी लोक वेडे होतात त्याच्यासाठी. परगण्यात माझ्याइतकी गरज दुसऱ्या कुठल्या गायकाला पडलीय?

कोठारातलं भेंडोळं गाडीत टाकलं. खुराड्यासाठी दुसरं आणू.

बुधवार, २५ जानेवारी

रात्री चोरट्या रॅकूनने खुराड्यात शिरून तांबडी कोंबडी नेली. अंगणभर पिसं. अर्लीन रडली. चांगली अंडी देणारी होती म्हणे. मग मला विचारलं, भेंडोळं कुठाय? मी म्हटलं, संगीताच्या कामी आलं. तिने हातातला झारा फेकून मारला. खांद्याला लागला. घरात जाळी नाही, काय करणार.

रविवार, २९ जानेवारी

जाळी अप्रतिम! बाटल्या फटाफट फुटतात, काचा खाली, आपण आत सुखरूप. एका म्हाताऱ्याने तर गरमागरम बूदँ फेकलं. भात भरलेलं सॉसेज ते, जाळीतून गाळून भात तेवढा माझ्या केसांत आला. डेप्युटी शेरिफ भांडण सोडवायला आला आणि त्याच्याच दंडुक्याने त्याला कुणीतरी आडवा केला. शुद्धीवर आला तेव्हा विचारत होता, गाणं संपलं का?

आणि आता खरी बातमी. मिस्टर प्रेजाँ येणार! शिवणयंत्रांच्या दुकानामागे त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. रेडिओवर आपल्याकडचं जे जे वाजतं त्यातलं निम्मं त्या खोलीतून निघालेलं. मी रोज फोन करत होतो. आज म्हणाले, बाबा रे, तू फोन बंद करणार असशील तर येतो. ११ फेब्रुवारी, मार्डी ग्राच्या सणाआधीचा शनिवार. त्यानंतर ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ, नाच बंद, हॉलला कुलूप. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच दिवशी.

अर्लीनला सांगितलं. ती अंडी पुसत होती. म्हणाली, ठीक आहे, अल्से. त्या दिवशी झालं तर झालं. नाही झालं तर गाणं बंद, आणि शनिवारी तू घरी. मला एकदा तरी शनिवारी नवऱ्याबरोबर नाचायला जायचंय. लग्न झाल्यापासून मी तुला बँडेजच्या आत बघतेय, आता जाळीच्या आतही.

कबूल केलं. हरण्याचा प्रश्नच नाही.

बुधवार, १ फेब्रुवारी

काल पलीकडच्या गावात रॉय सॅटिनचं गाणं ऐकायला गेलो, तिकडे सध्या त्याचीच हवा आहे. शत्रू कसा आहे ते बघावं. गर्दी होती, पण मुडद्यांची! सगळे गालाला गाल लावून नुसते नाचतात. एक ठोसा नाही, एक शिवी नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या बायकोच्या पायावर पाय दिला आणि दोघं हसले! असल्या थंड गाण्याची कीव आली.

रविवार, ५ फेब्रुवारी

काळजी वाटतेय. काल गर्दी निम्मी. मारामारी झाली, पण जीव ओतून नाही. दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिली. मग दोघं मिळून निघून गेले, बहुतेक रॉय सॅटिनकडेच. येत्या शनिवारी प्रेजाँसमोर असं झालं तर? ते समजतील, या माणसाच्या गाण्यात दम नाही.

पण डायनामाइटला वात लावायला कुणीतरी लागतंच.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

क्लोव्हिस आणि द्रोझाँला भेटलो. हे दोघे भाऊ बायूच्या दलदलीपलीकडचे. नाच मोडणं हा त्यांचा घराण्याचा धंदा. त्यांच्या आज्याने, बापाने आणि त्यांनी मिळून या भागातला एकही हॉल मोडायचा ठेवलेला नाही. ओडील मावशीचा तेवढा राहिला होता, तिच्या हाताच्या भीतीने. समजावून सांगितलं: शनिवारी मी 'अर्लीन, दार उघड' म्हणेन आणि शेवटच्या कडव्याला गुडघ्यावर बसेन. बसलो की सुरू करायचं. कुणालाही मारा, पण मनापासून मारा.

क्लोव्हिस म्हणाला, आम्ही शब्दाचे पक्के आहोत, बडी. एकदा मारामारी कबूल केली की मारामारी होणार. मग आभाळ कोसळो.

मोबदला म्हणून दोन कोंबड्या मागितल्या, मार्डी ग्राला गम्बोचा रस्सा करायला. अर्लीन बहिणीकडे गेली होती. ठिपक्यांच्या दोन दिल्या. अंगणात थोडी पिसं टाकली. रॅकूनचं नाव तसंही खराब झालेलंच आहे.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

घसा बसला! गिरणीतली धूळ, दुसरं काय. अर्लीनने मध आणि व्हिस्की दिली. उद्या बोललो नाही तर बरं, म्हणाली. प्रेमाने म्हणाली की कसं, कळलं नाही.

बँडला शेवटची ताकीद दिली. उद्या भांडण लागलं, रक्त वाहिलं, छप्पर पडलं, कुणी मेलं, तरी वाजवणं थांबवायचं नाही. नोल्टनने विचारलं, आणि तू थांबलास तर? मी म्हटलं, मी थांबणार नाही. पण समज थांबलो, तर तू चालू ठेव. आळशी पोरगं आहे, पक्कं बजावलेलं बरं.

बुधवार, १५ फेब्रुवारी. उपवास सुरू, चर्चमधून कपाळाला राख लावून आलो

बोलता येत नाही, म्हणून लिहितो. डॉक्टरने वरचे आणि खालचे दात तारेने बांधून टाकलेत. आता जाळी माझ्या तोंडालाच.

शनिवारी घसा इतका बसलेला की सूर ताणता येईना, पळवताही येईना. मुकाट नोल्टनच्या ठेक्यावर चालावं लागलं. खोकला आला की पुढची ओळ नोल्टन उचलायचा. मला वाटलं, संपलं सगळं. जाळीतून पाहिलं तर लोक नाचताहेत. गालाला गाल. भिंतीशी बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या रुमालाने डोळे टिपताहेत. ओडील मावशी काउंटर सोडून एका जावयाच्या वयाच्या माणसाबरोबर डोळे मिटून फिरतेय. दाराशी प्रेजाँ उभे, टोपी काढून छातीशी धरलेली. एकसुद्धा ठोसा नाही! मी हरत होतो.

धाडकन गुडघ्यावर बसलो.

क्लोव्हिस आणि द्रोझाँ उठले. द्रोझाँने एकाच्या पायावर मुद्दाम पाय दिला. तो म्हणाला, माफ करा हं, माझंच चुकलं. क्लोव्हिसने एकाची बायको खेचली. तो म्हणाला, हे गाणं तुमचं, पुढचं माझं. दोघांनी सगळा हॉल फिरून पाहिला, कुणी भांडेना. मला जाळीतून दिसत होतं, बिचारे घामाघूम झाले होते. शेवटी दोघं स्टेजसमोर आले. क्लोव्हिस म्हणाला, बडी, कोंबड्या घेतल्यात रे आम्ही, शब्द मोडता येत नाही. दुसरं कुणी तयार नाही. आणि जाळी फाडून आत आले.

पहिला ठोसा जबड्यावर. कड् असा आवाज माझ्याच कानात ऐकला. द्रोझाँने माझी गिटार माझ्याच डोक्यात घातली, तारा गळ्यात अडकल्या, त्याच धरून मला फरफटत नेलं. पोटात लाथ. पाठीत लाथ. तोंडात रक्त आणि दाताचे तुकडे, कुठला कुठचा कळेना. ओरडायचं होतं, बँड थांबवा रे! पण जबडा हलेना. आणि माझी मंडळी, माझ्या हुकमाप्रमाणे, वाजवत राहिली. ड्युई बांधलेल्या बरगड्यांनी फुंकत होता. नोल्टन गात होता. 'अर्लीन, दार उघड', पहिल्यापासून शेवटपर्यंत. फळीवर गाल टेकवून मी सगळं गाणं ऐकलं. लोकांनी वाटेत पडलेल्या माझ्याभोवती वळसा घालून नाच पुरा केला.

शेवटी मावशीने एकेका भावाला एकेका हाताने बाहेर फेकलं.

अर्लीन तीन दिवस उशाशी होती. काल क्लोव्हिस बघायला आला, गम्बोचं पातेलं घेऊन. म्हणाला, वहिनी, तुमच्या ठिपक्यांच्या कोंबड्यांना चव काय होती! अर्लीनने पातेलं घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन कुत्र्याला घातलं. झारा फेकला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, ३ मार्च

आहार: नळीने रस्सा. जमेची बाजू: घशाला विश्रांती. जबडा सुटला की आवाज दुप्पट होईल.

आज प्रेजाँ घरी आले! मी पलंगावर उठून बसलो. अर्लीनला म्हणाले, नोल्टनचं घर कुठलं? थोर माणसाची रीत. आजारी कलाकाराला व्यवहाराचा त्रास नको, म्हणून भावाकडून बोलणी. ईस्टरनंतरची तारीख ठरवायची असणार. मी मानेने होकार दिला. ते म्हणाले, ते गाणं तुझं ना? पुन्हा मान. पाकिटावर नाव टाकीन म्हणाले. टाकणारच. गायकाचं नाव टाकत नाहीत का?

खुराडं: जबडा सुटल्यावर. ठोकताना दात घट्ट आवळावे लागतात, ते आत्ता आहेतच, पण त्रास होतो.

शनिवार, २५ मार्च

दुपारी स्वयंपाकघरात बसलो होतो. अर्लीन कणीक मळत होती. रेडिओवर ड्रमचा ठेका लागला. ओळखीचा. मग नोल्टनचा आवाज. 'अर्लीन, दार उघड.'

अर्लीनचे हात परातीत थांबले. पहिल्या कडव्याला तिने डोळे मिटले. दुसऱ्याला पिठाच्या हातांनीच फडकं उचललं आणि त्याला धरून, कुणीतरी नाचायला बोलावल्यासारखी, चुलीपासून दारापर्यंत हळूहळू फिरली. डोळ्यांतून पाणी. सात वर्षं झाली लग्नाला, मी गायलो तेव्हा ती कधी हललीही नाही.

संपल्यावर म्हणाली, अल्से, हेच का रे ते? पायरीवर बसून केलेलं? मी मान हलवली. म्हणाली, तू म्हणायचास तेव्हा शब्द कधी कळलेच नाहीत मला. मग माझ्या डोक्यावर पिठाचा हात ठेवून म्हणाली, इतकं वाईट वाटलं होतं तुला त्या रात्री? आणि मी आतून ऐकत बसले होते, मला वाटलं मांजरं भांडतायत.

आपलेच दात, आपलेच ओठ. नोल्टनला काय बोलणार? बोलता येतं कुठे.

रविवार, २ एप्रिल. ईस्टर

तारा काढल्या. सगळे आमच्या अंगणात उकडलेली अंडी घेऊन. अंड्यावर अंडं ठोकायचं, ज्याचं फुटलं तो हरला. माझं पहिल्याच ठोक्याला फुटलं, आणि समोर होती पुतणी, वय वर्षं पाच. नोल्टन आला होता, नवा दात बसवून. माझ्या हातात रेकॉर्ड ठेवली. वर त्याचं नाव, खाली बारीक अक्षरात: रचना, अल्से द्युप्लेशाँ. बडी डायनामाइट कुठेच नाही. पोरगं मान खाली घालून म्हणालं, दादा, तू म्हणालास थांबू नको, म्हणून मी थांबलो नाही.

रागावणार होतो. त्याचा तो नवीन दात दिसला आणि राहिलं.

अर्थात लोकांना हे गुळगुळीत गाणं किती दिवस पुरणार? शनिवारी हॉल उघडतोय. बघूच.

रविवार, ९ एप्रिल

काल अर्लीनला घेऊन गेलो, वचन होतं. हॉल भरलेला. मी भिंतीला पाठ लावून वाट बघत राहिलो. एक ढकलाढकली, एक शिवी, काहीतरी. काहीच नाही. अर्लीन म्हणाली, कशाची वाट बघतोस, चल. नाचलो. मला नाचता येत नाही, हे मला काल कळलं. तिचे पाय तुडवले. तिने हसून माझा पाय योग्य जागी ठेवला.

निघताना मावशीने भेंडोळं हातात दिलं. स्टेजची जाळी. म्हणाली, घेऊन जा राजा, आता लागत नाही. फाटलेल्या जागी मी शिवलीय.

आज सकाळी खुराड्याला लावायला घेतली. अर्लीनकडे आता दोन म्हाताऱ्या कोंबड्या आणि दोन तरणे कोंबडे उरलेत. शांतपणे दाणे टिपत होते. हातोडी चालवता चालवता तोंडात गाणं आलं. जबड्याला झेपतंय का बघावं म्हणून मोकळा आवाज लावला. 'उघड'वर सूर ताणला, आणि सोडला.

पांढरा काळ्यावर धावून गेला! चोची, नख्या, तुरा रक्ताने लाल. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आहे! अजून दम आहे! ऐकायला कुणी असतं तर!

श्वास घ्यायला थांबलो. ते थांबले. पिसं झटकली आणि शेजारी शेजारी दाणे टिपायला लागले.

पुन्हा गायलो. पुन्हा एकमेकांच्या उरावर. थांबलो. थांबले.

तिसऱ्यांदा नुसतं तोंड उघडलं तर दोघांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून अर्लीन म्हणाली, अल्से, गप्प बस रे जरा, जीव घेतील ते एकमेकांचा.

जाळीच्या या बाजूला खाली बसलो. मग तोंडात खिळे धरले, म्हणजे आपोआप गप्प बसता येतं, आणि चारही बाजू ठोकून टाकल्या. घट्ट बसलीय.